लाटांची पाठशाळा की लाटांचे शिबिर

तुळुनाडच्या यात्रेला निघणाऱ्या सांगली-कोल्हापूरकडील जैन कुटुंबांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. मूडबिद्रीची १४३० साली उभी राहिलेली त्रिभुवनतिलकचूडामणी बस्ती आणि तिचे असंख्य खांब, गुरुबस्तीतील ताडपत्रांची परंपरा, कारकळची १४३२ मधील बाहुबलींची उत्तुंग मूर्ती, वेणूरची १६०४ मधील मूर्ती, सवड असेल तर धर्मस्थळ आणि मग परतीचा रस्ता. या साऱ्या प्रवासात समुद्र पश्चिमेला हाताच्या अंतरावर असतो. कार्यक्रमपत्रिकेत मात्र त्याला जागा नसते. फार तर शेवटच्या दिवशी मंगळुरूजवळच्या एखाद्या किनाऱ्यावर पाऊल बुडवून मंडळी गाडीत बसतात.

मूडबिद्रीहून पश्चिमेस साधारण तासाभराच्या वाटेवर मुल्की आहे. शांभवी आणि नंदिनी या दोन नद्या एकत्र होऊन जेथे सागराला मिळतात, त्या परिसरातील हे गाव. येथे एकेकाळी सावंत या जैन सामंतांची सत्ता होती, ही गोष्ट यात्रेकरूंना क्वचितच ठाऊक असते. त्यांच्या घरातील मुलांना मात्र मुल्की हे नाव वेगळ्याच कारणासाठी माहीत असते. २००४ च्या सुमारास अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे ‘सर्फिंग स्वामी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या जॅक हेबनर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह येथे आश्रम थाटला. जप, कीर्तन, शाकाहार आणि त्यांच्या जोडीला फळीवर उभे राहून लाटेवरून किनाऱ्याकडे येण्याचा खेळ, असा तेथील दिनक्रम. २०१६ च्या मे महिन्यात जवळच्याच ससिहित्लूच्या किनाऱ्यावर ‘इंडियन ओपन ऑफ सर्फिंग’ ही स्पर्धा भरली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला. तेव्हापासून सुट्टीच्या बेतांत ‘सर्फिंग’ हा शब्द मराठी घरांतही ऐकू येऊ लागला.

सांगलीतील एका घरात तो गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर आला. घर हळदीच्या व्यापाऱ्याचे. अण्णा आणि आज्जी, मुलगा-सून, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली नात आणि आठवीतला नातू. यात्रा ठरलेलीच होती. प्रश्न इतकाच होता की, मध्ये तीन दिवस काढून मुलांना लाटांवर न्यायचे, तर ते कसे? मूडबिद्रीच्या धर्मशाळेत राहून रोज सकाळी जाऊन-येऊन एकेक धडा घ्यायचा, की मुल्कीच्याच एखाद्या सर्फ कॅम्पमध्ये तीन दिवस मुक्काम करायचा?

हा प्रश्न केवळ सोयीचा वाटतो. तसा तो नाही. धडा म्हणजे दीड-दोन तासांचा परिचय. प्रशिक्षक प्रथम वाळूवरच फळी ठेवतो. पालथे पडणे, हातांनी पाणी मागे सारणे, छातीशी हात टेकवून एका झटक्यात पायांवर येणे, हे तेथे आठ-दहा वेळा करवून घेतो. मग नवशिक्याला कमरेएवढ्या पाण्यात नेतो. फळी आठ-नऊ फुटांची, वरून मऊ, पडल्यास लागू नये अशी. ती दोरीने घोट्याला बांधलेली असते. लाट आधीच फुटून तिचा पांढरा फेस झालेला असतो. त्या फेसाच्या धक्क्यावर प्रशिक्षक फळी ढकलून देतो. अंगात चपळाई असलेले मूल पहिल्याच दिवशी क्षणभर उभे राहते आणि त्या क्षणाचा फोटो निघतो. येथवर जे घडते ते खरेच आनंदाचे असते. मात्र लाट कोणती निवडायची, केव्हा वळायचे आणि केव्हा सोडून द्यायची, हे सारे प्रशिक्षकाने ठरवलेले असते. शिकणारा फक्त उभा राहतो.

कॅम्पमध्ये मुक्काम असल्याने समुद्राची वाट पाहता येते, आणि ही वाट पाहणेच महत्त्वाचे. पश्चिम किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, तेव्हा लाटांची तोंडे स्वच्छ, गुळगुळीत असतात. दुपार चढली की खारे वारे सुटतात आणि पाणी खवळल्यासारखे विस्कटते. त्यात भरती-ओहोटीची वेळ दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. बाहेरगावाहून आठच्या धड्याला येणाऱ्याच्या वाट्याला जे पाणी येईल ते त्याचे. मुक्कामी असलेल्याला सकाळी नाही तर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उतरता येते. पाण्याबाहेरच्या वेळातही कोणीतरी समुद्राकडे बोट दाखवून काही सांगत असते. आज्जीने हा भेद एका वाक्यात मिटवला. “म्हणजे एक रविवारची पाठशाळा आणि एक सुट्टीतलं शिबिर,” ती म्हणाली. आठ दिवसांच्या संस्कार शिबिरातून आलेले मूल आणि दर रविवारी तासभर पाठशाळेत बसणारे मूल, यांत कोणाला अधिक येते, हा वाद ज्या घरांनी घातलेला आहे त्यांना हे लगेच उमगावे.

मुलांच्या वडिलांनी आधी व्यापाऱ्याचा हिशेब केला. कॅम्पचा आकडा मोठा दिसतो, कारण त्यात राहणे आणि जेवण धरलेले असते; धड्याचा आकडा लहान दिसतो, कारण गाडीचे पेट्रोल आणि जाण्या-येण्याचे दोन तास कोणी धरत नाही. त्यांनी दोन्ही रकमांना दिवसांनी न भागता प्रत्यक्ष पाण्यात मिळणाऱ्या तासांनी भागले. असे केले की दोन्हींतील अंतर पुष्कळ कमी होते. ही रीत कोणीही वापरून पाहावी. मात्र कॅम्पची जाहिरात ‘दिवसातून दोन सत्रे’ म्हणत असली, तरी नवख्या खांद्यांना आणि वाऱ्याला धरून तीन दिवसांत सहा नव्हे, चारच धरावीत.

अण्णांचा आक्षेप पैशाचा नव्हता. त्यांनी समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचाराचा आधार काढला. अनर्थदंडाचे जे पाच प्रकार तेथे सांगितले आहेत, त्यांतील प्रमादचर्येत निष्कारण जमीन खणणे, पाणी उडवणे, अग्नी पेटवणे या गोष्टी येतात. पाण्याचा थेंबही गाळून वापरणाऱ्या घराने समुद्रात निव्वळ खेळासाठी उतरावे काय? नात शिबिरात शिकलेली. तिने हळूच आठवण करून दिली, “अण्णा, त्याच यादीत विनाकारण भटकणं आणि दुसऱ्याला भटकवणंही आहे. मग सहलीचं काय?” अण्णा हसले, पण मुद्दा त्यांनी सोडला नाही. “बरोबर आहे. म्हणूनच विचारतोय. निष्कारण असेल तर सहलही नको. तुझं कारण काय ते सांग.”

कारण तिने सांगितले आणि स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत बसलेल्या आईचे हात थांबले.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा ही मुलगी बारा वर्षांची होती. खालचा मजला बुडालेला, वीज गेलेली, रात्रभर जिन्यावर बॅटरी धरून कितवी पायरी बुडाली ते मोजत बसलेले घर. तिसऱ्या दिवशी बोट आली. बोटीत चढताना तिचा पाय निसटला आणि क्षणभर ती गढूळ पाण्याखाली गेली. कोणीतरी लगेच वर ओढले. म्हणण्यासारखे काही झाले नाही. पण आदल्या उन्हाळ्यात पोहायला शिकलेल्या त्या मुलीने त्यानंतर तलावाकडे पाठ फिरवली. पुढे कितीतरी वर्षे ती केस धुतानाही डोक्यावरून एकदम पाणी घेत नसे. घरात हे सर्वांना माहीत होते आणि त्यावर कोणी बोलत नव्हते. वर्षभरापूर्वी ती कोणालाही न सांगता पुन्हा तलावावर जाऊ लागली होती. काठ धरून पोहणे तिला जमले होते. अंगावर येणारे पाणी अजून सहन होत नव्हते.

“पाण्याला घाबरत जन्म काढायचा नाही,” एवढेच ती म्हणाली. अण्णांनी पुस्तक मिटले. तिचे कारण त्यांना पटले की नातीची दया आली, हे त्यांनी उघड केले नाही. मात्र पुन्हा आक्षेप घेतला नाही.

येथून प्रश्नाचे रूपच बदलले. नातवाला लाटेवर उभे राहून पाहायचे होते; त्याला एक धडा पुरेसा होता. त्याला तीन दिवस कॅम्पमध्ये ठेवणे म्हणजे पाहुणचाराच्या नावाखाली शिक्षा झाली असती. नातीला उभे राहण्याशी फारसे देणे-घेणे नव्हते. तिला पाण्यासोबत वेळ हवा होता. घाबरून बाहेर यायला, बसून राहायला आणि पुन्हा आत जायला लागणारा वेळ. दीड तासाच्या धड्यात घाबरण्यासाठी जागा नसते. घड्याळ चालू असते, बरोबरचे पुढे गेलेले असतात आणि पहिल्या प्रयत्नात बाहेर आलेल्या मुलाला ‘उद्या बघू’ म्हणता येत नाही, कारण उद्या त्याची गाडी कारकळला असते. एकाच घरातील दोन मुलांसाठी एकच उत्तर शोधण्याच्या हट्टात पुष्कळ सुट्ट्या वाया जातात.

आता उरला आज्जीचा प्रश्न, आणि तो सर्वांत व्यवहारी होता. नातीचा रात्रिभोजनाचा त्याग दहाव्या वर्षापासून आहे. डिसेंबरच्या अखेरीस त्या किनाऱ्यावर सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो. कॅम्पचे संध्याकाळचे सत्र साडेचार ते सहा, जेवण आठला. पाण्यातून बाहेर पडून, अंग धुऊन ताटावर बसेपर्यंत दिवस बुडणार. सत्राच्या आधी पोटभर जेवावे तर फळीवर पालथे पडवत नाही. “एक दिवस चालेल,” असे तिच्या वडिलांनी म्हटले. आज्जी काही बोलली नाही, तिने नातीकडे पाहिले. नात म्हणाली, “संध्याकाळचं सत्र सोडते मी. पैसे गेले तर गेले.”

मग आईने फोन सुरू केले. तिची यादी वहीत होती: एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती जण असतात? प्रशिक्षकाकडे आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचे प्रमाणपत्र आहे काय? स्वयंपाकघरात सामिष शिजते काय, कांदा-लसूण-बटाट्याविना ताट मिळेल काय, पाच वाजता मिळेल काय? मुलींच्या खोल्या स्वतंत्र आहेत काय? वारा वाईट असेल तर त्या सत्राचे काय? अंगभर लायक्राचा पोशाख मिळतो, हे कळल्यावर आज्जीच्या मनातला एक न विचारलेला प्रश्नही सुटला. फळीवर पाय घसरू नयेत म्हणून जे मेण चोळतात, त्याच्या काही प्रकारांत मधमाशीचे मेण असते, हेही आईने शोधून काढले होते. नवशिक्यांच्या मऊ फळीला ते सहसा लागतच नाही, असे उत्तर आले. एका ठिकाणी प्रत्येक प्रश्नाला ‘ते सगळं होऊन जाईल’ असे ऐकू आले. तिने ते नाव वहीतून खोडले. दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने तिची यादी ऐकून उलट दोनच प्रश्न विचारले: मुलीला पोहता येते का, आणि तिला पाण्याची भीती आहे का? तेथेच जायचे ठरले. ज्याला विद्यार्थ्याची भीती विचारावीशी वाटते, त्याच्याकडे मूल सोपवायला हरकत नसावी.

तीन दिवस आई मुलीसोबत कॅम्पवर राहिली आणि बाकीचे मूडबिद्रीस उतरले. पहिल्या सकाळी अपेक्षेप्रमाणे झाले. वाळूवर सारे जमले. पाण्यात पहिला फेस तोंडावर आला, नाकात खारे पाणी गेले आणि वीस मिनिटांत मुलगी किनाऱ्यावर येऊन गुडघ्यांत मान घालून बसली. प्रशिक्षक आला नाही, समजूत काढली नाही. तासाभराने त्याने फळीविनाच तिला गुडघाभर पाण्यात उभे केले आणि येणाऱ्या प्रत्येक लाटेकडे पाठ न करता फक्त तिच्याकडे बघायला सांगितले. त्या दिवशी एवढेच. आईच्या मनात एकच विचार आला, की धडा घेतला असता तर तो गुडघ्यांत मान घातलेल्या क्षणी संपला असता.

संध्याकाळी पाच वाजता दोघी जेवायला बसल्या. उकड्या तांदळाचा भात, कांद्याविना सार, दुधी. बाहेरून आलेली मुले फळ्या घेऊन समुद्राकडे निघाली होती आणि सोडलेल्या सत्राचे वाईट मुलीच्या चेहऱ्यावर दिसत होते. जेवण उरकून त्या दोघी किनाऱ्यावर जाऊन बसल्या. खांदा दुखावल्यामुळे पाण्यात न उतरलेला दुसरा एक प्रशिक्षक तेथे होता. त्याने समुद्राकडे बोट करून विचारले, सर्वांत सुरक्षित जागा कोणती वाटते? मुलीने जेथे लाटा फुटत नव्हत्या, पाणी शांत आणि गडद दिसत होते, ती पट्टी दाखवली. तो म्हणाला, तीच ओढ. किनाऱ्याला आलेले पाणी त्या वाटेने परत आत जाते, म्हणून तेथे लाट फुटत नाही. ओढीत सापडल्यावर किनाऱ्याच्या दिशेने झगडणारा दमतो आणि दमलेला बुडतो. पाण्यावर तरंगत राहावे, हात वर करून खूण करावी आणि किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत त्या पट्टीतून बाहेर पडावे. ओढ रुंद नसते. तिच्या बाहेर लाटाच माणसाला काठाकडे आणतात.

सूर्य बुडेपर्यंत ती त्याला एकेक जागा दाखवून विचारत राहिली. पाण्यात असलेल्या मुलांपैकी कोणालाही त्या संध्याकाळी एवढे शिकायला मिळाले नसेल. महापुराच्या पाण्याबद्दल तिला कोणी असे काही समजावून सांगितलेच नव्हते. ते फक्त वाढत होते आणि मोठी माणसे पायऱ्या मोजत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीची मंडळी आली. नातवाने आपला धडा घेतला, पाचव्या प्रयत्नात उभा राहिला, दोनदा आपटला, पुन्हा उभा राहिला. वडिलांनी फोटो काढला. पाण्याबाहेर येऊन त्याने भूक लागल्याचे जाहीर केले आणि त्याचे सर्फिंग तेथे आनंदात संपले. त्याचा पैसा पुरेपूर वसूल झाला, यात शंका नाही. आज्जीला किनाऱ्यावर वाळत घातलेल्या मासळीचा वास सोसवेना, म्हणून ती पदर नाकाला लावून गाडीत णमोकार म्हणत बसली. अण्णा मात्र वाळूत खुर्ची टाकून दोन तास नातीकडे पाहत होते. मूडबिद्रीची यात्रा आपण तासाभरात उरकतो, पण तेथील धवला ग्रंथाची नक्कल व्हावी म्हणून सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंदांसारख्यांनी खटपट केली आणि लेखनिक कित्येक वर्षे तेथे बसून होते, असे काहीसे ते मुलाला सांगत होते. त्याचा या खेळाशी संबंध काय, हे मुलाने विचारले नाही.

त्या दिवशी दहानंतर वारा फिरला आणि उरलेला वेळ वाया गेला. कॅम्पमध्येही असे दिवस येतात. पैसे परत मिळत नाहीत. पावसाळ्यात तर नवशिक्याने या समुद्राकडे फिरकूच नये. जून ते सप्टेंबर तो केवळ मुरलेल्यांसाठी असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. मुनिसंघ चातुर्मासात एका जागी थांबतात, त्याचे कारणही जीवोत्पत्तीचेच. आपल्या घरांसाठी नोव्हेंबर ते मार्च हीच योग्य वेळ.

तिसऱ्या दिवशी नात लाटेवर उभी राहिली की नाही, यावर घरात अजून वाद आहे. भावाचे म्हणणे, एक गुडघा फळीला टेकलेला होता, ते उभे राहणे नव्हे. प्रशिक्षकाने ते मोजले. ती स्वतः या वादात पडत नाही. त्या सकाळी एक मोठी लाट फळीसकट तिच्यावरून गेली; आई वाळूवर ताडकन उठून उभी राहिली. फेस ओसरला तेव्हा मुलगी केस मागे सारत, दोरी ओढून फळी जवळ घेत होती. तिने किनाऱ्याकडे पाहिलेही नाही. पुढच्या लाटेकडे तोंड करून ती पुन्हा आत चालू लागली. आई तशीच उभी राहिली, मग खाली बसली.

परतीच्या वाटेवर वेणूरला दर्शन झाले. सांगलीला आल्यावर तलावाचा सहामाही पास निघाला आणि येत्या डिसेंबरात पाच दिवसांच्या कॅम्पची मागणी नोंदवली गेली. अण्णांनी हो किंवा नाही म्हटलेले नाही. मात्र त्या काळात मंगळुरूला सूर्य सांगलीपेक्षा पाच-सहा मिनिटे उशिरा मावळतो, एवढे त्यांनी पंचांग उघडून पाहून ठेवले आहे.